रॉक, रूपक आणि बुरशी : वाचकांचे प्रश्न

साठ-सत्तरच्या दशकांतल्या रॉक संगीताविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. ऐकण्याविषयी, वाजवण्याविषयी पत्रं येणार हे धरलंच होतं. तबकड्यांच्या बुरशीवरही आलीच, पावसाळ्यात गोव्यात ती कुठे चुकते!

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे. दिवसभर कानात पिंक फ्लॉइड, नाहीतर लेड झेपलिन. ही तर त्याच्या आजोबांच्या तरुणपणीची गाणी! आजच्या मुलांना त्यात एवढं काय सापडतं? आणि त्यातलं ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणजे वेगळं काय? — एक पालक, फोंडा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लवकर आटोपतं, म्हणून ते आधी. ‘क्लासिक रॉक’ हे नाव मागाहून रेडिओवाल्यांनी रूढ केलं. साधारण १९६५ ते १९८५ या काळातलं गिटारप्रधान रॉक त्यात येतं: लेड झेपलिन, डीप पर्पल, क्वीन वगैरे. प्रोग्रेसिव्ह ही त्याच काळातली, मुख्यतः इंग्लंडमध्ये वाढलेली शाखा. किंग क्रिम्सनचा पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये आला आणि तिने जोर धरला. पुढे येस, जेनेसिस, जेथ्रो टल, इमर्सन लेक अँड पामर आणि कॅनडातले रश. लांब रचना, विषम मात्रा, अवयव वेगळे दिसतील अशी बांधणी आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताकडून मोकळेपणाने केलेली उसनवारी, ही तिची ओळख.

आता मुलाबद्दल. हे संगीत एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, एका बाजूच्या मापावर बेतलेलं आहे. एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं नीट मावतात. त्याहून जास्त कोंबायची तर खाचा जवळजवळ आणाव्या लागतात, मग आवाज आणि खर्ज दोन्ही उतरवावे लागतात. म्हणून येसचं ‘क्लोज टू द एज’ (१९७२) अठरा मिनिटांच्या वर जातं आणि पहिली बाजू संपवतं. रशचं ‘२११२’ (१९७६) वीस मिनिटांचं आहे. जेथ्रो टलने ‘थिक ॲज अ ब्रिक’मध्ये (१९७२) एकच गाणं दोन्ही बाजूंवर पसरलं. एवढ्या ऐसपैस जागेत एखादी सुरावट येते, हरवते आणि पंधरा मिनिटांनी वेगळ्या वाद्यावर, वेगळ्या लयीत परत येते. ती ओळखता येण्यासाठी आधीची लक्षात ठेवावी लागते. तीन मिनिटांचं गाणं चार-पाच वेळा ऐकलं की कानाचं काम संपतं. इथे दहाव्या वेळी बास (खर्जाची गिटार) काय करतोय ते कळतं, विसाव्या वेळी ड्रम. श्रावणात वास्कोच्या दामोदर सप्ताहाला रात्रभर भजन ऐकत बसणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरं कारण ध्वनिमुद्रणाचं. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ मार्च १९७३ मध्ये आला. मुद्रण लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतलं, अभियंता ॲलन पार्सन्स. त्यातल्या ‘टाइम’च्या सुरुवातीची घड्याळं पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून वेगवेगळी मुद्रित केली आणि मग एकत्र केली. चांगल्या हेडफोनवर आजही त्यांतलं प्रत्येक घड्याळ वेगळं बोट दाखवून सांगता येतं. हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत एकूण नऊशेहून जास्त आठवडे राहिला आहे. एवढा काळ नुसत्या जुन्या आठवणींवर कोणी तगत नाही; दर पिढीत नवे ऐकणारे येतात.

तिसरं कारण साधं आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या शिकवणीत पहिले धडे याच गाण्यांचे असतात. बोटं जिथून शिकतात, तिथेच कान रमतात.

एक मात्र स्पष्ट सांगायला हवं. त्या काळातलं पुष्कळसं प्रोग्रेसिव्ह रॉक कंटाळवाणं, फुगवलेलं होतं आणि शब्दांच्या बाबतीत तर पोरकटही. १९७६-७७ मध्ये पंकवाल्यांनी (छोट्या, रांगड्या रॉकवाल्यांनी) त्याची टर उडवली ती उगाच नव्हे. ते गाळ होऊन तळाशी गेलं. आपल्यापर्यंत आलं ते निवडक. मुलाला एखादा अख्खा अल्बम लावायला सांगा आणि एक बाजू त्याच्याबरोबर ऐका. ‘डार्क साइड’ पूर्ण त्रेचाळीस मिनिटांचाही नाही.

प्रश्न : मी भजनात तबला वाजवतो. तीनताल, केरवा, रूपक, झपताल हाताखाली आहेत. पण या रॉकवाल्यांच्या विषम मात्रा मोजताना घसरतो. कुठून सुरू करू? — एक तबलजी, डिचोली

पिंक फ्लॉइडच्या ‘मनी’पासून करू नका, जरी सगळे तेच सुचवतात. आधी पीटर गॅब्रिएलचं ‘सॉल्सबरी हिल’ (१९७७) घ्या. गॅब्रिएल १९७५ मध्ये जेनेसिसमधून बाहेर पडला, त्याचंच हे गाणं. सात मात्रा, लय मध्यम, गिटार स्वच्छ, वाद्यांची गर्दी कमी. पायाने प्रत्येक मात्रा सारखी ठोका आणि फक्त ‘एक’ला टाळी द्या. मध्ये कधी चार मात्रांचं एखादं आवर्तन येतं. तिथे घाबरून थांबू नका, पुढचा ‘एक’ पकडा.

मग ‘मनी’. सुरुवातीला नाण्यांचा खुळखुळाट, कागद फाटणं, गल्ल्याच्या यंत्राचा खटका असे सात आवाज एकामागून एक येतात. प्रत्येक आवाजाच्या टेपचा तुकडा पट्टीने मोजून सारख्या लांबीचा कापला, सातही जोडून गोल पट्टा केला आणि तो फिरत ठेवला. म्हणजे ठेका तिथे आयता मोजून दिलेला आहे. बास सुरू होण्याआधीच त्या आवाजांवर एक ते सात म्हणायला लागा. घसरण्याच्या जागा दोन. पहिली तुमच्यासारख्या तबलजींची: रूपकात सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’ची, म्हणजे बिनजोराची असते आणि ‘ती ती ना । धी ना । धी ना’ असं वजन अंगात भिनलेलं असतं. इथे पहिली मात्रा जोरकस आहे, ‘खाली’ची नाही. रूपकाचे बोल बसवायला गेलात तर हात एकीकडे आणि बास दुसरीकडे. बोल विसरून नुसते आकडे म्हणा. दुसरी जागा सगळ्यांचीच: सॅक्सोफोनचा तुकडा सातवरच आहे, पण त्यानंतर गिटारचा येतो तो चार मात्रांवर जातो. सात मोजणारा तिथे हमखास पडतो. सॅक्सोफोन थांबला की मोजणं सोडा, चारचा ठेका कानावर येऊ द्या आणि मग धरा.

पाच मात्रांसाठी जेथ्रो टलचं ‘लिव्हिंग इन द पास्ट’ (१९६९). झपतालाच्या अर्ध्या आवर्तनाएवढी लांबी, पण खंड झपतालासारखेच पडतील असं धरून चालू नका. बासरी ऐकू नका, बास ऐका.

रशचं ‘वाय वाय झेड’ (१९८१) मोजायला फार मजेचं आहे. ही टोरोंटो विमानतळाची खूण आणि सुरुवातीचा ठेका म्हणजे तिचा मोर्स संकेत. लांब ठोक्याला दोन, आखूड ठोक्याला एक धरा. ‘वाय’ म्हणजे लांब-आखूड-लांब-लांब, झाले सात. दुसरा ‘वाय’, आणखी सात. ‘झेड’ म्हणजे लांब-लांब-आखूड-आखूड, झाले सहा. एकूण वीस, म्हणजे चौपट लयीत पाच मात्रांचं एक आवर्तन. हातावर टाळी-चुटकीने पंधरा मिनिटं केलंत तर बसेल.

सगळ्यात शेवटी झेपलिनचं ‘कश्मीर’ (१९७५). ड्रम चारमध्ये चालतो आणि त्यावर गिटार-व्हायोलिनची फिरत तीन मात्रांची. दोघं बाराव्या मात्रेनंतर पुन्हा एकत्र येतात. पायाने चार आणि हाताने तीन हे एकदम जमत नाही, जमवायचीही घाई नको. आधी ड्रमवर एकतालासारखे बारा मोजा आणि एक, चार, सात, दहा या मात्रांवर फक्त मान हलवा. मान हलते तिथे गिटारची फिरत नव्याने सुरू होते.

जलद लयीत मराठी आकडेही आड येतात. ‘सहा’ दोन अक्षरी आहे, तो मात्रा लांबवतो. ‘स’ म्हणा.

प्रश्न : वडील कुवेतहून येताना एलपी घेऊन येत. आता घरात त्या पन्नासेक आहेत, पण जुन्या चिरेबंदी घरात बुरशी चढली आहे. साबणाने धुवू का? — एक वाचक, म्हापसा

साबणाची वडी नको आणि नळाचं पाणीही नको. पाण्यातले क्षार खाचेत सुकतात आणि मग कायमची चरचर राहते.

आधी तबकड्या वेगळ्या करा. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या, म्हणजे घरात नाट्यगीतांच्या असतील त्या, जड, ठिसूळ आणि बहुतेक लाखेच्या असतात. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यांना पुढचं द्रावण लावलंत तर पृष्ठभाग खाऊन जाईल. त्या किंचित ओल्या कापडाने टिपून लगेच सुक्या करा, एवढंच. ३३ फेऱ्यांच्या एलपी विनाईलच्या, त्यांना अल्कोहोल चालतं.

काम सज्जात करा, तोंडाला मास्क बांधून. सुकी बुरशी घरात झाडलीत तर उरलेल्या तबकड्यांना लागेल. ऊर्ध्वपातित पाणी ८०० मिली, आयसोप्रोपिल अल्कोहोल २०० मिली आणि बिनवासाच्या भांडी धुण्याच्या द्रवाचे दोन-तीन थेंब. चमचाभर घातलंत तर खाचेत थर बसेल. हात धुण्याचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन आणि सुवास असतो. मधल्या कागदी लेबलवर प्लास्टिकचं झाकण घट्ट धरा. मऊ मायक्रोफायबर कापड द्रावणात बुडवून पिळा आणि खाचांच्या दिशेने गोल फिरवा, आडवं कधीच नाही. दहाएक फेऱ्या, मग मिनिटभर थांबा, पुन्हा तेवढ्याच. त्यानंतर दुसऱ्या कापडाने नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्याने दोनदा पुसा. ही दुसरी पायरी गाळली की सुई चिकटल्यासारखी वाजते आणि लोक म्हणतात, धुतल्याने तबकडी बिघडली.

सुकवायला ताटाळ्यात उभ्या ठेवा, सावलीत. उन्हात ठेवलेली एलपी वाकते, बंद गाडीत तर दुपारच्या वेळात. जुलै-ऑगस्टमध्ये तास-दोन तास जातील, जाऊ द्या. ओलसर तबकडी पाकिटात घातली की सगळं पहिल्यापासून.

बुरशी विनाईल फारसं खात नाही. ती कागदावर, डिंकावर आणि बोटांच्या तेलावर वाढते. म्हणून आतली कागदी पाकिटं फेका आणि पॉलिथिनची नवी घाला. गाण्याचे शब्द छापलेली पाकिटं मात्र फेकू नका. सुकवून, झाडून बाहेरच्या कव्हरात वेगळी ठेवा. बाहेरून जाड, चिकट पीव्हीसीची कव्हरं घालू नका. उकाड्यात त्यांचा अंश तबकडीवर उतरून धुकट डाग पडतात.

ठेवायच्या उभ्या, एकमेकींवर रेलू न देता. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीपासूनही वर. कपाटात आर्द्रतामापक ठेवा. काटा ४५ ते ५५ टक्क्यांत असेल तर निश्चिंत; ६५ च्या वर टिकून राहिला तर बुरशी परतणार. बंद कपाटाला अर्धा-एक किलो सिलिका जेल पुरतं, पण रंग पालटला की भट्टीत सुकवून परत ठेवावं लागतं. हे कोणी करत नाही आणि मग जेलला नावं ठेवतात. डांबराच्या गोळ्यांचा वास कव्हरच्या पुठ्ठ्यात मुरतो आणि जात नाही.

शेवटी सुई बघा. जुन्या पेटीसारख्या प्लेयरची सुई पाच-पाच ग्रॅम भार देते आणि धुतलेली तबकडी पुन्हा खरवडते. आजच्या बहुतेक मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजना (सुई बसवलेल्या डबीला) दीड ते दोन ग्रॅम लागतो. नेमका आकडा उत्पादकाच्या कागदावर असतो. भार फार कमी ठेवला तर बरं, असं वाटतं, पण तेही चूक. सुई खाचेत उडते आणि भिंती जास्त खराब करते.

प्रश्न : मोबाइलवर ऐकलं तर या संगीताची मजा जाते का? — एक विद्यार्थिनी, साखळी

मोबाइलमुळे जात नाही, मोबाइलच्या सेटिंगमुळे जाते. क्रॉसफेड बंद करा. एक गाणं विरत असताना दुसरं चढवणारी ही सोय लग्नाच्या जेवणावळीला ठीक आहे. या अल्बमांत गाणी मुळातच एकमेकांत वाहतात आणि ते सांधे कलाकारांनी हाताने जुळवलेले आहेत. त्यावर पाच सेकंदांची सरमिसळ म्हणजे सांधा मोडणं. ‘गॅपलेस’ मात्र चालू ठेवा, नाहीतर सांध्यावर क्षणभर शांतता येते. शफल बंद. छोटा ब्लूटूथ स्पीकर दोन्ही वाहिन्या एकत्र करतो, त्यामुळे डावीकडून उजवीकडे फिरणारे आवाज जागच्या जागी राहतात. साधे तारेचे हेडफोन त्याहून बरे.

एकाच अल्बमच्या अनेक आवृत्त्या दिसतील. ‘रीमास्टर’, म्हणजे जुन्या मुद्रणावर नव्याने हात फिरवलेली प्रत, चांगलीच असं नाही. काहींत हळू आणि मोठ्या आवाजांतलं अंतर दाबून सगळं सारख्याच जोरात केलेलं असतं. पारख सोपी: गाण्यातला सगळ्यात हळू भाग आरामात ऐकू येईल इतका आवाज ठेवा. जोराचा भाग आला की दचकायला झालं पाहिजे. नाही झालं तर दुसरी आवृत्ती शोधा.

प्रश्न : क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी महाराष्ट्रात शिकला हे खरं का? आणि गोव्यात या धर्तीचं कोणी काही केलं? — एक वाचक, मडगाव

खरं आहे. जन्म झांझिबारचा, १९४६ चा, पारशी घरातला, नाव फारुख बलसारा. शाळा पाचगणीची, सेंट पीटर्स. पियानो तिथेच चालला, ‘हेक्टिक्स’ नावाचा शाळकरी बँडही तिथलाच.

गोव्यात रेमो फर्नांडिस यांचं नाव घ्यावं लागेल, जरी त्यांना प्रोग्रेसिव्ह म्हणता येणार नाही. ‘गोवन क्रेझी’ (१९८४) हा अल्बम त्यांनी घरी, चार ट्रॅकच्या टेपयंत्रावर मुद्रित केला. तीन ट्रॅक भरले की ते मिसळून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागी पुढची वाद्यं. प्रत्येक उतरवणीत फुसफुस वाढते, त्यामुळे काय आधी आणि काय नंतर याचा हिशेब डोक्यात पक्का लागतो.

प्रश्न : आमचा कॉलेजचा बँड आहे: दोन गिटार, बास, ड्रम. की-बोर्ड नाही. चवथीनंतरच्या कार्यक्रमात तासभर वाजवायचंय. काय घ्यावं? आणि एक मित्र घुमट (कातडं ताणलेलं मातीचं तालवाद्य) वाजवतो, त्याला घेता येईल का? — चौघे, पेडणे

की-बोर्ड नसेल तर येस, जेनेसिसच्या वाटेला जाऊ नका. उसना की-बोर्डवाला मिळालाच तर त्याला एक सांगा: त्या काळातला तंतुवाद्यांचा धूसर आवाज मेलोट्रॉनचा. त्यात प्रत्येक पट्टीखाली टेपची एक पट्टी असते, दाबली की सुमारे आठ सेकंद वाजते आणि संपते. म्हणून नव्या की-बोर्डवर त्या आवाजात हात आठ सेकंदांपलीकडे दाबून ठेवला की नकली वाटतं. त्याआधी हात उचला, पुन्हा ठेवा.

तुमच्या चौघांसाठी डीप पर्पलचं ‘स्मोक ऑन द वॉटर’ (१९७२) सरळ आहे आणि नेमकं तेच बहुतेक जण चुकीचं वाजवतात. जाड तारेवर, पिकने, एकेक स्वर किंवा षड्ज-पंचमाची जोडी धरून. मूळ रिफ (पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा) डी आणि जी या मधल्या दोन तारांवर एकदम वाजतो (आकडे पडद्यांचे): मोकळ्या, ३, ५, मोकळ्या, ३, ६, ५, मोकळ्या, ३, ५, ३, मोकळ्या. म्हणजे षड्ज वर आणि पंचम खाली. दोन्ही तारा पिकने न छेडता बोटांनी एकत्र ओढा. तेव्हाच त्या एका क्षणी बोलतात आणि आवाज ठोस येतो. मूळ गाण्यात जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन मार्शल ॲम्प्लिफायरमधून हाच रिफ धरतो. त्याची जागा दुसऱ्या गिटारने घ्यावी, तेच स्वर, पण डिस्टॉर्शन निम्मं. दोघांनी भरपूर लावलं तर नुसता गोंगाट होतो.

तासाभरात नऊ-दहा गाणी पुरतात. लांबलचक एकच घ्या, तेही मधोमध, पहिलं नको. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वाढीव वेळेची परवानगी असेल तर आयोजकांकडे कागद मागा, तोंडी शब्दावर जाऊ नका. आधीचा कार्यक्रम लांबतोच, तेव्हा गाळायची गाणी आधीच ठरवून ठेवा.

माइकला ओठ लागले आणि झटका बसला तर तो ‘थोडा करंट’ म्हणून सोडून देऊ नका. गिटारचा ॲम्प एका बोर्डावर आणि साउंडवाल्याची यंत्रणा दुसऱ्यावर असेल, आणि अर्थिंग नसेल किंवा वेगळं असेल, तर गिटारच्या तारा आणि माइक यांच्यामध्ये तुम्ही उभे असता. सगळं एकाच अर्थ केलेल्या बोर्डावरून घ्या. जनरेटर असेल तर त्याचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आवाज हमिंग करतो म्हणून प्लगची तिसरी पिन काढणारे भेटतील; त्यांना स्टेजवर चढू देऊ नका.

घुमटवाल्या मित्राला जरूर घ्या, पण ड्रमच्या वरताण नको. आरतीतलं सुंवारीचं (घुमटांच्या सामूहिक वादनातलं) घुमट जोडीला समेळ (छोटा ढोल) आणि कासाळे (झांज) असताना उठून दिसतं. ड्रमच्या संचात बास ड्रम त्याचा खर्ज गिळतो. ड्रमरला त्या गाण्यात बास ड्रम जवळजवळ बंद ठेवायला सांगा आणि घुमटाला स्वतंत्र माइक द्या. साधा डायनॅमिक माइक, मागच्या उघड्या तोंडापासून चार बोटं दूर आणि किंचित तिरका. थेट तोंडासमोर धरला तर तळहात झाकल्या-उघडल्याची हवा माइकवर आदळून फटफट येते. मॉनिटर स्पीकर त्या तोंडाच्या रेषेत नको, शिटी वाजेल. कातडं बकरीचं असावं. घोरपडीच्या कातड्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याची बंदी आहे. दमट हवेत कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो, म्हणून स्टेजवर जाण्याआधी ते लांबून, हळूहळू शेकून घ्या आणि शक्य असेल तर दुसरं घुमट तयार ठेवा.